औषध पोटात, आजार अंगणात

गेल्या आषाढातील गोष्ट. नेवासा फाट्याकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर रात्रीच्या एका वाहनाने भटक्या कुत्रीला उडविले. सकाळी दुकान उघडण्यासाठी निघालेल्या माझ्या पुतण्याला रस्त्याच्या कडेला तिची तीन पिल्ले दिसली. दोन गतप्राण झाली होती, तिसरे पावसात भिजून कुडकुडत होते. कापडाच्या गठ्ठ्यावरचे गोणपाट त्याच्याभोवती गुंडाळून तो त्याला घरी घेऊन आला.

आमच्या मातोश्रींना घरातील लहानथोर सारे 'बाई' म्हणतात. घरात कुत्रे नको, हे त्यांचे पूर्वीपासूनचे मत. पण त्या पिल्लाकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "जीव दारात आला आहे, आता त्याला परत कुठे पाठवता?" स्वयंपाकघरात आणि सामायिकाच्या खोलीत त्याने यायचे नाही, या अटीवर मागच्या अंगणात त्याची सोय झाली. नातीने त्याचे नाव मोती ठेवले.

हा लेख मोतीच्या कौतुकासाठी लिहिलेला नाही. पुढच्या दोन महिन्यांत आमच्या प्रेमाला अज्ञानाची जोड मिळाली आणि ते पिल्लू आमच्याच अंगणात मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. आपल्या अनेक कुटुंबांत आता कुत्र्याचे पिल्लू पाळले जाते. आमच्याकडून झालेल्या चुका दुसऱ्या घरी होऊ नयेत, यासाठी हा खटाटोप.

तीन उपाय आणि तेच दुखणे

पहिल्या आठवड्यातच मोतीला पातळ शौच होऊ लागले. आम्ही दोष दुधाला दिला आणि तो काही अंशी खराही होता. गाई-म्हशीच्या दुधातील साखर अनेक पिल्लांना पचत नाही व त्यामुळे जुलाब होतात. दूध बंद करून दहीभात सुरू केला. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

मग एका औषधाच्या दुकानातून जंताचे औषध आणले. दुसऱ्या दिवशी शौचातून शेवयांसारखे पांढरे लांब जंत पडले. आम्हाला वाटले, रोग सापडला आणि संपलाही. हे गोलकृमी लहान पिल्लांत सर्रास असतात, कारण ते आईच्या गर्भातूनच पिल्लाच्या शरीरात उतरतात. जन्मानंतर दुधावाटेही येतात. त्यांच्यावर औषध देणे आवश्यकच होते. पण जुलाब थांबले नाहीत. आता शौच फिकट, तेलकट, चिकट आणि असह्य दुर्गंधीचे होऊ लागले.

तिसऱ्या खेपेस माझ्या बंधूंनी घरात पडलेली, माणसांना जुलाबासाठी दिली जाणारी मेट्रोनिडाझोलची गोळी अंदाजाने तोडून दिली. दोन दिवस शौच घट्ट झाले. तिसऱ्या दिवशी आजार परतला. हे औषध कुत्र्यांनाही दिले जाते, पण मात्रा अधिक झाल्यास ते मज्जासंस्थेवर परिणाम करते आणि जनावर झोकांड्या खाऊ लागते, हे आम्हाला नंतर कळले. आमच्या अंदाजाने तसे घडले नाही, ही आमची हुशारी नव्हे, मोतीचे दैव.

शेवटी एका आकड्याने आम्हाला जागे केले. शेजारच्या किराणा दुकानातील काट्यावर पुतण्या दर चार दिवसांनी मोतीचे वजन करीत असे. ज्या वयात पिल्लाचे वजन डोळ्यांदेखत वाढते, त्या वयात सलग बारा दिवस काटा एकाच जागी होता. पिल्लू खात होते, पण खाल्लेले अंगी लागत नव्हते. व्यापाऱ्याला माल येतो आणि साठा वाढत नाही एवढे समजले, की गळती कुठेतरी आहे हे सांगावे लागत नाही.

कापडाच्या व्यापाऱ्याचे भिंग

पशुवैद्यक डॉक्टरांनी औषध लिहिण्यापूर्वी शौचाचा ताजा नमुना मागितला, तोही एक-एक दिवस सोडून तीन वेळा. पहिल्या दोन नमुन्यांत काही दिसले नाही. तिसऱ्यात जिआर्डिया सापडला. हा परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही. कधी विपुल पडतो, कधी मुळीच नाही. म्हणून एका नमुन्यात दिसला नाही, याचा अर्थ तो नाही असा होत नाही.

जिआर्डिया हा जंत नव्हे. तो एकाच पेशीचा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी. लहान आतड्याच्या आतील अस्तराला तो चिकटून बसतो आणि अन्नरस शोषला जाण्याच्या कामात अडथळा आणतो. खाल्लेले मोतीच्या अंगी का लागत नव्हते, याचे उत्तर येथे होते. गोलकृमींसाठी सामान्यतः दिल्या जाणाऱ्या पायरँटेलसारख्या औषधाचा जिआर्डियावर उपयोग होत नाही. अशीच लक्षणे कॉक्सिडिया या दुसऱ्या सूक्ष्म परजीवीमुळेही दिसतात आणि त्याचे औषध आणखी निराळे. तपासणीवाचून औषध देणे म्हणजे नाव न वाचता भलत्याच्याच खात्यावर रक्कम जमा करणे होय.

हा जीव पहिल्यांदा पाहणारा मनुष्य आपल्याच व्यवसायातला होता, हे वाचकांना ऐकून नवल वाटेल. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी अँटनी व्हान लेवेनहूक कापडातील धाग्यांची परीक्षा भिंगाने करीत असे. त्यातूनच त्याला स्वतः भिंगे घासण्याचा छंद जडला. 1681 मध्ये स्वतःचे पोट बिघडले असता त्याने आपलेच शौच भिंगाखाली ठेवले आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले. त्याने केलेले वर्णन जिआर्डियाचेच होते, असे अभ्यासक मानतात.

बरा झाला आणि पुन्हा उलटला

डॉक्टरांनी मोतीच्या वजनानुसार फेनबेंडाझोल पाच दिवस दिले. आठवड्याभरात शौच घट्ट झाले, शेपूट हलू लागली, काटाही हलला. पंधराव्या दिवशी पुन्हा तोच वास. बंधू म्हणाले, "औषध बदलून घ्या." डॉक्टरांनी औषध बदलले नाही. त्यांनी विचारले, "पिल्लू राहते कुठे? मला ती जागा पाहू द्या."

अंगणात धुण्याच्या दगडाजवळ नळ ठिबकत होता. तेथे शेवाळ धरले होते. मोतीचे पाण्याचे भांडे त्याच ओलीत होते. विष्ठा आम्ही दिवसातून एकदा, कामवाली बाई आल्यावर, पाणी ओतून मोरीकडे लोटत होतो. अंथरूण म्हणून पहिल्या दिवशीचे गोणपाटच होते.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. आतड्यातून बाहेर पडताना जिआर्डिया आपल्याभोवती टणक कवच करून घेतो. या कवचातील जीवाचा आकार मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असतो. बाहेर पडताक्षणी तो दुसऱ्याला, किंवा त्याच पिल्लाला पुन्हा, बाधू शकतो. ओल्या, थंड, सावलीच्या जागी तो आठवडे, कधी महिनेही तग धरतो; कोरड्या जागी व उन्हात मात्र लवकर नष्ट होतो. पाणी ओतून आम्ही घाण काढत नव्हतो, ती साऱ्या अंगणात पसरवीत होतो. मोती तेथे लोळे, मग अंग चाटे आणि तेच पुन्हा पोटात जाई. औषधाने व्याज फिटत होते, मुद्दल अंगणात तसेच होते.

बाईंचा प्रश्न

दुसऱ्यांदा औषध सुरू करण्याच्या दिवशी बाईंनी एक प्रश्न विचारला, जो आपल्या घरांतून अनेकांच्या मनात असतो पण बोलला जात नाही. "एका जीवाला वाचविण्यासाठी आपण किती जीव मारतो आहोत?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या वाढत्या क्रमाने जीवांची उदाहरणे देताना द्वींद्रियांसाठी कृमीचेच नाव घेतले आहे. औषधाने कृमी मरतात, हे नाकारून चालणार नाही. या प्रश्नाचा शास्त्रनिर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. आमच्या घरी काय ठरले, तेवढेच सांगतो.

बाई म्हणाल्या, "पंचेंद्रिय जीव आपल्या ओट्यात तडफडत ठेवणे ही काही अहिंसा नव्हे. औषध द्या. पण हेच औषध चार वेळा द्यावे लागले, तर त्यातल्या तीन वेळा आपल्या आळसाच्या." आम्हा साऱ्यांना ते पटले. एकदा नीट केलेला उपचार आणि त्यामागून राखलेली स्वच्छता यांत हिंसा सर्वांत थोडी. आपल्याकडे पाच समितींमध्ये मलमूत्र कोठे व कसे टाकावे याचीही स्वतंत्र समिती सांगितली आहे. साधूंसाठी असलेल्या त्या शिकवणीतील यतना आमच्या अंगणात औषधाइतकीच उपयोगी ठरली. त्या वर्षीच्या संवत्सरीला बाईंनी 'मिच्छामि दुक्कडं' म्हणताना अंगणाकडेही हात जोडले.

मग आम्ही काय केले

नळ दुरुस्त केला. शेवाळ खरवडून काढले. विष्ठा दिसताक्षणी कोरडीच उचलून कागदात बांधून टाकायची, पाणी ओतायचे नाही, असा नियम केला. तो घरातील सर्वांनी वाटून घेतला, कामवाल्या बाईंवर सोडला नाही. फरशी प्रथम जीवजंतू पाहून झाडायची, साबणाने धुवायची आणि मग उन्हात पूर्ण वाळू द्यायची. पाण्याची व अन्नाची भांडी रोज उकळत्या पाण्यातून काढायची. गोणपाट टाकून दिले आणि जुन्या सुती साड्यांची दोन अंथरुणे केली. एक वापरात, एक उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात. मातीचा कोपरा धुता येत नाही म्हणून महिनाभर तेथे जाणे बंद केले.

औषधाच्या शेवटच्या दिवशी मोतीला साबणाने, विशेषतः मागचे पाय व शेपटीखालचा भाग चोळून, अंघोळ घातली आणि पूर्ण कोरडे केले. केसांत अडकलेले कवच चाटून पुन्हा पोटात जाते, म्हणून या अंघोळीचे महत्त्व गोळीहून कमी नाही.

पाण्याविषयी एक गोष्ट आपल्या कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी. आपण पाणी गाळून वापरतो, ती सवय चांगलीच आहे. पण जिआर्डियाचे कवच इतके सूक्ष्म असते, की दुहेरी कापडाच्या गाळण्यातूनही ते आरपार जाते. नळाच्या पाण्यात असणारे क्लोरीनही त्याला पुरते मारीत नाही. पाणी उकळले, की ते नष्ट होते. तपश्चर्येच्या दिवसांत घरी उकळलेले पाणी असतेच, त्यातलेच निववून मोतीच्या भांड्यात जाऊ लागले.

मुलांची काळजी

कुत्र्यांत आढळणारे जिआर्डियाचे बहुतेक प्रकार माणसाला सहसा बाधत नाहीत. काही प्रकार मात्र दोघांनाही बाधतात. त्याहून गंभीर धोका गोलकृमींचा. त्यांची अंडी मातीत पडल्यावर काही आठवड्यांनी संसर्गक्षम होतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. मातीत खेळलेले हात तोंडात गेले, तर त्यातून निघालेल्या अळ्या मुलांच्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यांतही पोहोचू शकतात. म्हणून पिल्लाला हात लावल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याचा नियम मुलांना प्रेमाने पण ठामपणे लावावा. पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, आठ आठवड्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला जंताचे औषध देण्याची पद्धत आहे. पिल्लाचे वय व वजन सांगून डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावे. लसींचेही तसेच, रेबीजची लस तर कधीही चुकवू नये.

आणि एक इशारा. पिल्लाला उलट्या होत असतील, शौचातून रक्त पडत असेल किंवा ते मान टाकून निपचित पडले असेल, तर नमुने गोळा करीत बसू नये. ती पार्व्होसारख्या जीवघेण्या रोगाची लक्षणे असू शकतात. त्याच तासाला डॉक्टरांकडे न्यावे.

दयेची व्यवस्था

1832 मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. हिंदू व जैन व्यापारीही त्यात सामील झाले. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. त्या व्यापाऱ्यांनी दयेला जागा, पैसा आणि रोजचा हिशेब जोडून दिला. एका पिल्लाच्या बाबतीतही त्याहून वेगळे नाही. ज्या दिवशी आम्ही त्याला घरी आणले, त्या दिवशी आमच्याजवळ दया होती, व्यवस्था नव्हती.

दिवाळीच्या वहीपूजनाच्या आदल्या दिवशी पुतण्याने मोतीला पुन्हा काट्यावर ठेवले. वजन आषाढातल्या चौपट झाले होते. नमुन्यातही काही सापडले नाही. अंगणाचा नियम मात्र आजही तसाच आहे. आज सकाळी पाळी माझी होती.