आधी आजीचा नियम, मग जहाजाचे तिकीट

पांढरकवड्याहून मुंबईचा समुद्र सातशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही दिवाळीचे वहीपूजन आटोपले, की केळापूर तालुक्यातील व्यापारी घरांत अलीकडे ‘यंदा क्रूझला जाऊ या’ असा विषय निघू लागला आहे. पूर्वी सुट्टी म्हणजे शिखरजी, पालिताणा किंवा मुलांचे आजोळ. आता मोबाइलवर जहाजाचे छायाचित्र येते, त्याखाली माणशी भाड्याचा आकडा असतो आणि ‘आजच नोंदणी करा’ असा आग्रह असतो. घरातील तरुण मंडळी उत्साहाने बसतात. थोड्या अंतरावर आजी माळ फिरवीत सारे ऐकत असते. तिचा प्रश्न एकच असतो: ‘संध्याकाळच्या जेवणाचे कसे?’

वरवर घरगुती वाटणारा हा प्रश्न सहलीच्या सबंध नियोजनाचा पाया आहे. समुद्रप्रवास जैन व्यापाऱ्याला नवा नाही. ‘ज्ञाताधर्मकथां’तील माकंदीच्या दोन पुत्रांनी अकरा सफरी सुखरूप केल्या आणि बाराव्या सफरीत त्यांचे गलबत फुटले, ही कथा अनेक घरांत लहानपणीच ऐकलेली असते. १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी समुद्र ओलांडून गेले, तेव्हा समाजातून विरोधही झाला. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मात्र हे सारे प्रवास कामासाठी, व्यापारासाठी होते. समुद्रावर केवळ विश्रांतीसाठी जाणे ही गोष्ट आपल्याकडे गेल्या काही वर्षांतली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करू लागले आणि पासपोर्ट नसलेल्या कुटुंबांनाही हा मार्ग खुला झाला.

हॉटेल आणि जहाज यांतील भेद नोंदणीपूर्वीच ध्यानात घ्यायला हवा. हॉटेलातील जेवण पटले नाही, तर समोरच्या गल्लीत शुद्ध शाकाहारी भोजनालय शोधता येते. एखादे गाव आवडले नाही, तर एक दिवस आधी परतता येते. जहाज धक्का सोडून निघाले, की यातले काहीच शक्य नसते. म्हणून जे विचारायचे ते पैसे भरण्यापूर्वी, आणि जे उत्तर मिळेल ते लेखी. दूरध्वनीवरील ‘सगळे होऊन जाईल, काळजी करू नका’ या वाक्याला व्यवहारात किंमत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आखणीची सुरुवात घरात ज्याचा नियम सर्वांत कडक असेल, त्याच्यापासून करावी. बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे आजी. तिचा चौविहार असेल, तर सूर्यास्तापूर्वी भोजन मिळणार का, हे प्रथम पाहावे. मोठ्या जहाजांवर रात्रीचे भोजन बहुधा दोन पाळ्यांत असते. एक पाळी सायंकाळी सहाच्या आसपास, दुसरी आठ-साडेआठनंतर. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे पहिली पाळी मिळाली तरी आजी पानावर बसेपर्यंत सूर्यास्त होऊन गेलेला असेल. मेच्या मध्यास तोच सूर्यास्त सातनंतर होतो आणि पहिली पाळी सोयीची ठरते. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांना तेथून निघणाऱ्या सफरी या एका बाबतीत सोप्या जातात.

येथे एक बारीक गोष्ट सहज निसटते. पांढरकवडा मुंबईच्या पूर्वेस सुमारे पावणेसहा रेखांश आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २३ मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. घरच्या पंचांगाच्या वेळेनुसार संध्याकाळी जेवण उरकले, तर मुंबईत नियमाला बाध येत नाही. उलट तेवीस मिनिटे हाताशी राहतात. सकाळी मात्र घात होतो. गावच्या वेळेने नवकारशी पारली, तर मुंबईच्या सूर्योदयापासून ४८ मिनिटे पूर्ण झालेली नसतात. तेव्हा घरचे पंचांग पेटीतच ठेवावे आणि प्रत्येक दिवशी जहाज जेथे असेल, तेथील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कागदावर उतरवून घ्याव्यात. परदेशी सफरीत जहाजावरचे घड्याळ पुढे-मागे केले जाते. त्याची सूचना रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत असते. ती पत्रिका आजीला वाचून दाखविण्याचे काम घरातील एका नातवंडाकडे सोपवावे.

‘जैन भोजन मिळेल’ हे जाहिरातीतील शब्द पुरेसे नाहीत. अनेक स्वयंपाकघरांत ‘जैन’ याचा अर्थ कांदा-लसूण नाही, एवढाच धरला जातो. बटाटा, गाजर, आले यांचे काय, हे स्वतंत्र विचारावे लागते. सूपाच्या रश्शात, पावात, पुडिंगमध्ये अंडे वा जिलेटिन आहे का, तेही विचारावे. शाकाहारी पदार्थांसाठी निराळी भांडी आणि निराळा ओटा आहे, की एकाच ओट्यावर सारे होते, याचे उत्तर काही कुटुंबांच्या दृष्टीने निर्णायक ठरते. उकळलेले पाणी पिणाऱ्यांनी खोलीत किटली मिळते का, याची खात्री करावी. घरची किटली, इस्त्री, शेगडी जहाजावर नेता येत नाही. आगीच्या भयाने हा नियम सर्वत्र कडक आहे. घरी शिजवलेले अन्नही बहुधा धक्क्यावरच अडवतात. कारखान्यातून मोहोरबंद आलेला खाखरा, सुका मेवा यांना अनेकदा परवानगी असते, पण तीही कंपनीकडून लिहून घ्यावी. हे प्रश्न ई-मेलने पाठवावेत, आलेल्या उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी आणि जहाजावर चढताच पहिल्या तासात भोजनगृहाच्या प्रमुखास भेटून ती दाखवावी. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तयारी आदल्या दिवशीच सुरू झालेली असते. ऐन पंगतीत केलेल्या तक्रारीचा उपयोग होत नाही.

इतके करूनही आजीचे समाधान झाले नाही, तर तिला तसे म्हणण्याची मोकळीक हवी. ‘चला हो, चार दिवसांचा तर प्रश्न आहे’ म्हणून तिचा नियम वाकवायला लावणे हे सहलीचे सुख नव्हे. अशा वेळी संपूर्ण गट आपल्या समाजाचा असून सोबत महाराज नेला जातो, अशी सफर मिळेपर्यंत थांबणे बरे.

हंगामाचा विचार त्यानंतर. कापसाच्या व्यापारात असलेल्यांना दिवाळी ते फेब्रुवारी श्वास घ्यायला फुरसत नसते. कृषी केंद्र चालविणाऱ्यांचे मेच्या उत्तरार्धापासून बियाणे-खतांच्या मागे धावणे सुरू होते. चातुर्मासात अनेक घरांत प्रवासाची मर्यादा असतेच, आणि समुद्रही त्या काळात साथ देत नाही. पावसाळी अरबी समुद्राची ओळख १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीच्या जलसमाधीने महाराष्ट्राला करून दिली आहे. सहाशेहून अधिक माणसे त्यात गेली. आजची जहाजे कितीतरी मोठी आणि सुरक्षित आहेत, तरी पावसाळ्यात मुंबईहून होणाऱ्या सफरी साधारणतः बंदच असतात. मग उरतात मार्चची अखेर सोडून एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध. शाळांच्या सुट्ट्या, लांबलेला सूर्यास्त आणि मंदावलेला बाजार हे तिन्ही योग याच काळात जुळतात. महावीर जयंतीची आणि घरात वर्षीतप असल्यास अक्षय तृतीयेच्या पारण्याची तारीख तेवढी आधी पाहावी.

खोली निवडताना खिडकी किंवा बाल्कनीचा मोह सर्वांनाच होतो. ज्येष्ठांसाठी मात्र जहाजाच्या मध्यभागातील खालच्या मजल्यावरची खोली उत्तम. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. ती लिफ्टपासून जवळ असावी. ‘तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीस सवलत’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती व्यक्ती बहुधा भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या बाकावर झोपणार असते आणि तेथे शिडीने चढावे लागते. आजीला स्वतंत्र खोली द्यावी, तर एकट्यासाठीचे जादा भाडे पडते. कधी ते जवळजवळ दोघांइतके असते. नातीला तिच्या सोबत ठेवणे दोन्ही अर्थांनी सोयीचे.

लक्षद्वीपची सफर असेल, तर आणखी एक चौकशी हवी. मोठी जहाजे तेथील बेटांच्या धक्क्याला लागत नाहीत. भर समुद्रात थांबून लहान बोटींतून माणसे उतरवितात. गुडघे दुखणाऱ्याला हलत्या बोटीत पाऊल टाकणे जड जाते. समुद्र खवळलेला असला, तर उतरणेच रद्द होते. मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीने करारात स्वतःकडे राखलेला असतो आणि त्यापोटी पूर्ण भाडे परत मिळत नाही. बेटांवर जाण्यास प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढणार की प्रवाशाने काढायचा, हेही स्पष्ट करून घ्यावे.

आता पैशाची गोष्ट. जाहिरातीतील आकडा माणशी असतो आणि तो एका खोलीत दोघे राहतील असे धरून दिलेला असतो. समजा, सहा जणांच्या कुटुंबाला माणशी २२,००० रुपये सांगितले. हे झाले १,३२,००० रुपये. बंदर शुल्क आणि सेवा शुल्क माणशी ५,००० धरले, तर आणखी ३०,०००. या १,६२,००० वर ५ टक्के कर म्हणजे ८,१००. नागपूर-मुंबई जाणे-येणे आणि मुंबईतील एक मुक्काम ३०,०००. किनाऱ्यावरील फिरणे माणशी ३,००० म्हणजे १८,०००. बेरीज होते २,१८,१०० रुपये. आकडे उदाहरणादाखल आहेत. पण एक लाख बत्तीस हजारांची सहल सव्वादोन लाखांच्या घरात कशी जाते, ते यावरून कळते. वाय-फाय, डॉक्टर आणि काही खास भोजनगृहांचे पैसे याखेरीज.

रक्कम कंपनीच्या खात्यावर भरावी, मध्यस्थाच्या वैयक्तिक खात्यावर कधीही नको. एजंटामार्फतच जायचे असेल, तर पावतीवर कंपनीचा नोंदणी क्रमांक आला की नाही, ते त्याच दिवशी पाहावे. क्रेडिट कार्डाने भरल्यास सेवा न मिळाल्यावर बँकेकडे तक्रार नोंदवून रक्कम परत मागण्याचा मार्ग उरतो. हे अवाजवी भय नव्हे. २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून ‘कर्णिका’ हे जहाज थाटात सुरू झाले, करोनाच्या साथीत कंपनी बंद झाली आणि २०२० संपण्यापूर्वी ते जहाज अलंगला मोडीत निघाले. परदेशी पॅकेजवर टीसीएस आकारला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, तेव्हा नोंदणीच्या दिवशीचा दर विचारावा. ज्याच्या पॅनवर तो कापला जाईल, त्याच्या आयकरात त्याची वजावट मिळते. म्हणून बिल आजीच्या नावे न करता घरातील करदात्याच्या नावे करावे. रद्द करण्याचे कोष्टक छापून घ्यावे. तारीख जवळ येईल तशी कपात वाढत जाते आणि शेवटच्या दिवसांत काहीही परत मिळत नाही.

कागदपत्रांवरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः एक असावे. आधारवर ‘ओसवाल’ आणि पासपोर्टवर ‘जैन’, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. परदेशी सफरीसाठी पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने हवी. सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड करून पुन्हा सिंगापूरला उतरायचे असेल, तर सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, ते तपासावे. गर्भारपणाचे सहा महिने होत आलेल्या स्त्रीला आणि सहा महिन्यांहून लहान बाळाला बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. प्रवास विम्यात जहाजावरील उपचार आणि तेथून रुग्णाला हलविण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे वाचून पाहावे.

जहाज कोणासाठी थांबत नाही. निघण्याच्या बरेच आधी दारे बंद होतात. पांढरकवडा ते नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आणि पुढे मुंबईपर्यंत रेल्वेचे ८३७ किलोमीटर. एवढ्या अंतरात दोन-तीन तासांचा उशीर सहज होतो. म्हणून आदल्या दिवशी मुंबईत पोहोचून बॅलार्ड पिअरच्या आसपास मुक्काम करावा. सामान धक्क्यावरच घेतले जाते आणि खोलीत काही तासांनी येते. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, मुहपत्ती, माळ आणि कटासणे हातातल्या पिशवीत असावे. जहाज सुटण्यापूर्वी जीवरक्षक जॅकेटची कवायत होते. तिला सर्वांनी जावे. कॅसिनोची दारे जहाज खोल समुद्रात गेल्यावर उघडतात. घरातील तरुणांशी त्याविषयी घरीच बोलून घेतलेले चांगले.

व्यापाऱ्यासाठी शेवटची अडचण मोबाइलची. किनारा दूर गेला, की नेहमीचे नेटवर्क जाते. फोन तसाच चालू ठेवला, तर तो जहाजावरील उपग्रह सेवेला जोडला जाऊन मोठे बिल येऊ शकते. विमान मोड लावावा आणि लागल्यास वाय-फाय विकत घ्यावे. पण बँकेचा ओटीपी साध्या संदेशाने येतो, तो वाय-फायवर मिळेलच असे नाही. जीएसटीची ११ आणि २० तारीख सफरीत येत असेल, तर विवरणपत्रे आधीच भरावीत. पिकलेले धनादेश, मजुरीचे पैसे, हुंडीच्या तारखा यांची एक यादी करून ती दुकानात राहणाऱ्या भावाच्या किंवा मुनीमजींच्या हाती द्यावी. परतीच्या दिवशी जहाज सकाळी धक्क्याला लागले तरी उतरून सामान मिळेपर्यंत दुपार होते. नागपूरची परतीची गाडी संध्याकाळचीच काढावी आणि आजीचे जेवण स्टेशनवर जाण्याआधी, सूर्यास्ताच्या आत व्हावे.