पेशींची पेढी, ठेवी कुणाच्या?

रक्तगटासारखीच पेशींवरही ओळखखूण असते. तिचे नाव एचएलए. निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून येते. खूण परकी वाटली, की शरीर त्या पेशींवर तुटून पडते. म्हणून भ्रूणातल्या मूलपेशींची पेढी काढायची, तर मला आधी विचारावेसे वाटते: ठेवी कुणाच्या?

केंब्रिजच्या संशोधकांनी २००५ साली हिशेब मांडला: आईवडिलांकडून सारखीच खूण मिळालेले निवडक १० दाते ब्रिटनमधल्या सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना उपयोगी पडतील.

पण तो हिशेब तिथला. आपल्याकडे सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या बव्हंशी जातीत, बिरादरीत झाली; खुणांचे प्रमाण समाजागणिक बदलते. पाड्यावरची, मोहल्ल्यातली ठेव पेढीत नसेल, तर तिथला रुग्ण रिकाम्या हाताने परतेल.