पाणी आणि कायदा (भाग ५) : पंचेचाळीसचा आकडा

प्रवरा आणि मुळेच्या पाटाखालच्या गावांत, म्हणजे राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या पट्ट्यात, पाण्याबद्दल विचारलं की पाण्याच्या पाहणीनंतर गावाला मिळणाऱ्या हिरव्या कार्डाचा हवाला मिळतो. कार्ड खोटं नसतं. पण ते जंतू मारायची टीसीएल पावडर, गळकी पाइपलाइन आणि विहिरीभोवतीची घाण बघून दिलेलं असतं. जंतूंपुरतं ते ठीक. खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट मात्र टीसीएलने जात नाही आणि पाणी उकळलं तर उलट त्याचं प्रमाण वाढतं.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. फ्लोराइडला दुसरा स्रोत नसेल तर १ वरून १.५ पर्यंत सवलत आहे. नायट्रेटला ती नाही.

हा आकडा आला तान्ह्या बाळांवरून. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात डॉ. हंटर कॉमली यांनी शेतावरच्या विहिरीचं पाणी दुधातून पोटात गेल्याने निळ्या पडलेल्या बाळांची नोंद केली. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. १९५१ च्या पाहणीत लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रोजनच्या खाली असा रुग्ण आढळला नाही. १० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. एरवी विषारी द्रव्याची मर्यादा ठरवताना सुरक्षेसाठी आकडा बराच खाली ओढतात. इथे तसं केलेलं नाही, म्हणून ‘थोडंसंच वर गेलंय’ हे ऐकून घेऊ नये.

आता शेताचा हिशेब. युरियाची गोणीही योगायोगाने ४५ किलोची. तिच्यात ४६ टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलो नायट्रोजन. तो सगळा नायट्रेट होऊन भूजलात उतरला, तर २० लाख लिटर शुद्ध पाणी एकट्या गोणीने मर्यादेपर्यंत पोचेल. अर्थात पीक बराच भाग उचलतं. पण मातीचे कण नायट्रेट धरून ठेवत नाहीत, आणि उसाला मोकाट पाणी दिलं की उरलेलं खाली झिरपतं. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं. पाटपाण्याची ही सवय तेवढीच मुरलेली.

कायदा मात्र नळाशीच अडखळतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याखाली ठरलेली मर्यादा पाणीपुरवठा करणाऱ्याला पाळावीच लागते. आपल्याकडे सार्वजनिक नळयोजनांना आयएस १०५०० कायद्याने बंधनकारक नाही. जलजीवन मिशन त्याच मानकाचं पाणी द्यायचं म्हणतं, पण योजनेतली अट म्हणजे कायदा नव्हे. माझ्या मते आधी बंधन हवं ते तपासणीचा अहवाल चावडीवर लावण्याचं. दंडाचं नंतर बघता येईल.

तोवर अहवाल हातात आलाच तर एकक नीट वाचा. ‘नायट्रोजन म्हणून’ १५ असं लिहिलं असेल, तर ते नायट्रेटचे ६६ होतात.

पुढच्या आठवड्यात फ्लोराइड, आणि त्याला दोन मर्यादा का.