वैशाखातल्या नदीचा हिशेब

औद्योगिक जलप्रदूषणाचा विषय निघाला की आपला राग माणसांवर निघतो: रात्री ओढ्यात टँकर रिकामा करणाऱ्या कारखानदारावर, नाहीतर त्याकडे डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यावर. असे लोक आहेत आणि त्यांना पाठीशी घालण्याचे काही कारण नाही. पण उद्यापासून सगळे कारखाने अगदी नियमाने वागू लागले, तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी नद्यांची उन्हाळ्यातली दशा फारशी बदलणार नाही. नियमात मोजले जाते ते प्रामुख्याने नळीतले पाणी. नदीत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडीसाठी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूसाठी, लिटरला 30 मिलिग्रॅम आणि सीओडीसाठी, म्हणजे ती रासायनिक रीतीने विघटित व्हायला लागणाऱ्या प्राणवायूसाठी, 250 मिलिग्रॅम आहे. रोज दहा लाख लिटर सांडपाणी सोडणारा कारखाना ही मर्यादा तंतोतंत पाळूनही नदीवर दिवसाला 30 किलो बीओडीचा भार टाकतो. एकाच खोऱ्यात असे पन्नास कारखाने असले, तर भार दीड हजार किलोंचा होतो. पन्नासही जण निर्दोष! श्रावणात दुथडी भरून वाहणारी नदी हा भार पचवेल. वैशाखात तिच्यात वाहते पाणीच जवळपास उरत नाही. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळणाऱ्या संमतीपत्रात रोज किती घनमीटर सांडपाणी सोडायचे तेही लिहिलेले असते, हे खरे. पण एका नदीवरच्या सगळ्या संमतीपत्रांची बेरीज करून ती त्या नदीच्या उन्हाळी प्रवाहाशी ताडून पाहण्याची रीत आपल्याकडे रुजली नाही.

गंमत म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. इथला जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा 1969 चा आणि राज्याचे मंडळ 1970 चे. केंद्राचा कायदा 1974 मध्ये आला. पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 252 खाली, राज्यांनी ठराव केल्यावर करावा लागला, आणि महाराष्ट्राने तो 1981 मध्ये स्वीकारला. त्यातले कलम 17 राज्य मंडळांची कामे सांगते. एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची मानके ठरवताना कोरड्या दिवसांत तिथे किमान किती पाणी असते आणि त्या प्रवाहाची सहनशक्ती किती, हे लक्षात घ्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. प्रदूषण करू शकणारा उद्योग कुठे असावा याचा सल्ला सरकारला देणे हेही मंडळाचेच काम. पुढे 1988 च्या दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचे, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचे अधिकार मिळाले. ते हवेच होते. पण सगळी चर्चा नमुना, नोटीस आणि टाळे या तिन्हींभोवती फिरत राहिली आणि कलम 17 मधली ती वाक्ये कागदावरच राहिली.

जागेच्या बाबतीत महाराष्ट्राने एक प्रयत्न केला होता. नद्यांच्या पट्ट्यांची वर्गवारी करून कोणत्या पट्ट्यापासून किती अंतरावर कोणता उद्योग चालेल हे ठरवणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण 2000 मध्ये आले आणि 2009 मध्ये सुधारले गेले. फेब्रुवारी 2015 मध्ये ते रद्द झाले. त्याची अंतरे ढोबळ होती आणि नदीपासून दूर असलेला कारखानाही नाल्यातून नदी गाठतोच, हा आक्षेप रास्त होता. शुद्धीकरणाचे तंत्र सुधारले की अंतराची गरज काय, हा दुसरा आक्षेप मात्र तंत्र रोज, अखंड आणि पूर्ण क्षमतेने चालेल असे गृहीत धरतो. ज्या प्रक्रियेवर वीज आणि रसायने खर्च होतात आणि जिच्यातून उत्पन्न काही नाही, तिच्याविषयी असे गृहीत धरणे फारच भाबडेपणाचे आहे.

नळी मोजायची की नदी, हा पेच पंचगंगेच्या खोऱ्यात स्वच्छ दिसतो. साखर कारखान्यांचे गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नदी उतरत जाते तेव्हाच. त्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालून पाणी अडवलेले असते. शेतीला ते जीवनदायी आहे, पण सांडपाण्याच्या दृष्टीने नदीची तळ्यांची माळ होते. आसवनीच्या कच्च्या सांडपाण्याची बीओडी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमपर्यंत असते. असे मळीमिश्रित पाणी थोडेसे जरी साचलेल्या डोहात शिरले, तरी त्यातला प्राणवायू संपून मासे तरंगू लागतात. इथे इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे आणि शहरांचे पाणीही येते, त्यामुळे मासे मेले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एकेका नळीचा नमुना घेऊन हा वाद मिटणारा नाही.

उलट जिथे नियमाने एकूण प्रमाणाला हात घातला, तिथे त्याचा रोख वेगळा आहे. 2016 च्या सुधारित मानकांत साखर कारखान्यांना टनभर उसामागे 200 लिटरच सांडपाणी सोडण्याची मुभा आहे. उसात स्वतःचेच सुमारे 70 टक्के पाणी असते. ते पुन्हा वापरायचे की सोडून द्यायचे, हा प्रश्न अशा नियमामुळे शुद्धीकरण केंद्रातून थेट उत्पादनाच्या विभागात जातो. प्रतिबंध म्हणायचा तर हाच. लिटरमागे मोजणाऱ्या नियमात सांडपाण्यात स्वच्छ पाणी मिसळून कागद साजरा करता येतो. टनामागे मोजल्यावर ती पळवाट महाग पडते.

यावर पहिला आक्षेप असा की नद्यांत जाणाऱ्या सांडपाण्यात मोठा वाटा शहरांचा आहे, उद्योगांचा नाही. आकारमानाने ते खरे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या यादीत देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे आहेत. त्यांपैकी 55 महाराष्ट्रात, म्हणजे सर्वाधिक, आणि त्यामागे मैलापाणी हे मोठे कारण आहे. पण नदीची सहनशक्ती शहरांनीच खाऊन टाकली असेल, तर उद्योगांना द्यायला शिल्लक कमी उरते. शिवाय मैला काळाच्या ओघात कुजून विरतो, तसे जड धातू आणि क्षार विरत नाहीत. दुसरा आक्षेप, कडक नियम केले की उद्योग शेजारच्या राज्यात जातील. ही भीती खरी आहे आणि म्हणूनच कायदा देशपातळीवर करावा लागला. पण देशभर समान असते ती किमान अट. बारमाही नदी आणि उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी यांना एकच माप लावावे असे कायदा म्हणत नाही. तिसरे म्हणणे मनुष्यबळाचे. निरीक्षक वाढवावेतच. 2014 पासून 17 प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना सांडपाण्याचे ऑनलाइन मापन बंधनकारक झाले, तेही चांगलेच. तरी चोवीस तास मोजूनही मोजतो आपण नळीच.

केंद्राच्या याच कायद्याच्या 2024 च्या दुरुस्तीने अनेक गुन्ह्यांची कैद काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. सुरुवातीला ती हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. कैदेची भीती गेली, असे एक बाजू म्हणते. कैद होतच कुणाला होती, असे दुसरी विचारते. दोन्ही बाजू पाणी बिघडल्यानंतरच्याच गोष्टी बोलत आहेत. त्याच दुरुस्तीने काही प्रकारच्या उद्योगांना पूर्वसंमतीतून सूट देण्याचा अधिकार केंद्राला दिला, ही जास्त काळजीची बाब आहे, कारण नदीची बाजू मांडण्याची संधी त्या एकाच टप्प्यावर असते. तिथे करायचे काम अवघड नाही. प्रवाहाची मोजणी जलसंपदा विभाग आणि केंद्रीय जल आयोग करतात, संमतीपत्रे मंडळाकडे असतात. नव्या संमतीपत्रावर नदीचे नाव, तिचा एप्रिल-मे महिन्यातला प्रवाह, तिच्यावर आधीच मंजूर झालेला एकूण भार आणि त्यानंतर उरणारी शिल्लक छापावी. शिल्लक शून्य असेल, तर अर्ज तिथेच परत करावा.