दिवस भरत आले आणि मोठं मूल आजारी पडलं तर?

नववा महिना लागला आहे, दवाखान्याची बॅग भरून ठेवली आहे आणि नेमका दोन वर्षांच्या मोठ्या मुलाला ताप येतो. तो आईला सोडायला तयार नसतो. घरातले म्हणतात, "तू त्याच्याजवळ जाऊ नकोस." मग आईने नेमकं काय करावं?

साध्या सर्दी-तापात आणि जुलाबात मुलाला आईपासून पूर्ण तोडण्याची गरज नसते. मात्र त्याचं नाक पुसणं, उलटी आवरणं आणि शी धुणं ही कामं बाबांनी किंवा आजीने करावीत. आईने खाली बसून त्याला मांडीवर घ्यावं. उभ्याने उचलून कडेवर घेणं टाळावं. मुलाच्या तोंडाची पापी घेऊ नये आणि त्याचं उष्टं खाऊ नये. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून काही विषाणू पसरतात, त्यातला सीएमव्ही पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो. म्हणून डायपर बदलल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

घरी काय करावं?

• तापासाठी पॅरासिटामॉल वजनानुसार द्यावं: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर ठेवावं. थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचूनच मोजावं.
• जुलाब असतील तर प्रत्येक जुलाबानंतर थोडं थोडं ओआरएस पाजावं. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण पाकीट मिसळावं. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकही १४ दिवस द्यावं. आहार बंद करू नये.

कांजिण्या असतील तर थांबू नका

अंगावर पाण्याने भरलेले फोड दिसले तर त्याच दिवशी प्रसूतीतज्ज्ञांना फोन करा. आईला पूर्वी कांजिण्या झाल्या असतील किंवा लस घेतलेली असेल, तर सहसा काळजी नसते. तसं नसेल किंवा आठवत नसेल, तर डॉक्टर रक्त तपासून बघतात आणि गरज वाटल्यास संरक्षक इंजेक्शन देतात. हे जितक्या लवकर, तितकं चांगलं. गरोदरपणात कांजिण्यांची लस मात्र देता येत नाही.

आईला प्रसूतीच्या आधी ५ दिवसांत किंवा नंतर २ दिवसांत पुरळ आलं, तर नवजात बाळाला गंभीर कांजिण्या होऊ शकतात. म्हणून मुलाच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत, कांजिण्या न झालेल्या आईने त्याच्यापासून दूर राहावं. मुलाला ॲस्पिरिन देऊ नये.

मुलाला लगेच दवाखान्यात न्या, जर

• श्वास जलद असेल (शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त) किंवा छाती आत ओढली जात असेल
• ६ ते ८ तास लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील
• तो पाणीही घेत नसेल, झटका आला असेल किंवा सुस्त पडला असेल

आईला ताप आला, पाणी गेलं, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मुलाच्या आजारपणात तिनेही दिरंगाई करू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

आधीच ठरवून ठेवा

कळा रात्री सुरू झाल्या तर मुलाजवळ कोण थांबणार? त्या व्यक्तीला मुलाचं वजन, औषधाची मात्रा आणि शेवटचा डोस कधी दिला हे कागदावर लिहून द्या. आजारी मुलाला घाईने आजोळी पाठवण्यापेक्षा, ओळखीचं माणूस घरी येऊन राहिलेलं त्याला सोपं जातं.

बाळ घरी आल्यावर खोकला-सर्दी असेपर्यंत मोठ्याने बाळाच्या तोंडाजवळ जाऊ नये. पायांना हात लावू द्यावा. आईचं दूध चालू ठेवावं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर घरी औषध न देता थेट रुग्णालय गाठावं.