वादळदेव आधी हरतो

वादळाचा देव आणि महासर्प यांचं युद्ध म्हटलं, की आग ओकणारा पंखवाला ड्रॅगन आणि त्याला एका घावात लोळवणारा देव डोळ्यांसमोर येतो. अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती लोकांची इलुयांका या सर्पाची कथाही अनेकदा अशीच सांगितली जाते. मूळ मजकूर मात्र वेगळंच सांगतो.

हा मजकूर हत्तुशात सापडला. अंकाराच्या पूर्वेला, आजच्या बोआझकाले गावाजवळ हित्तींची ही राजधानी होती. १९०६ साली तिथे मोठं उत्खनन सुरू झालं आणि हजारो मातीच्या पाट्या निघाल्या. १९१५ साली बेद्रिच ह्रोझ्नी या चेक अभ्यासकाने त्यांवरच्या हित्ती भाषेची उकल केली. कथा सांगणारा केल्ला हा नेरिक नगराच्या वादळदेवाचा पुजारी. त्यामुळे ही केवळ करमणुकीची गोष्ट समजणं चुकीचं आहे. देश वाढो, भरभराटीला येवो, अशी प्रार्थना करून पुरुल्ली नावाचा वसंतोत्सव साजरा व्हायचा आणि त्या उत्सवाशी ही कथा जोडलेली आहे.

पाट्यांवर पंखांचा किंवा आगीचा उल्लेख नाही. इलुयांका हा बिळात राहणारा, लेकुरवाळा सर्प आहे. मलात्याजवळच्या अर्सलानतेपे इथे नंतरच्या काळातलं एक शिल्प मिळालं, त्यातही देवासमोर वेटोळी घातलेला लांबलचक सापच दिसतो.

देव आपल्या ताकदीवर जिंकतो, हा सर्वांत मोठा गैरसमज. केल्लाने एकापाठोपाठ एक अशा दोन कथा सांगितल्या आहेत आणि दोन्हींत वादळदेव आधी सपशेल हरतो.

पहिल्या कथेत त्याच्या मदतीला इनारा देवी येते. ती मेजवानीचा घाट घालते, मद्याची आणि इतर पेयांची भांडी काठोकाठ भरून ठेवते आणि हुपाशिया नावाच्या एका माणसाची मदत मागते. तो अट घालतो, ‘आधी माझ्याशी संग कर.’ देवी कबूल होते. मग ती नटूनथटून सर्पाला बिळाबाहेर बोलावते. तो मुलाबाळांसह येतो, भांडी रिकामी करतो आणि सगळे इतके तट्ट फुगतात की पुन्हा बिळात शिरताच येत नाही. हुपाशिया त्याला दोरीने बांधतो आणि त्यानंतरच वादळदेव येऊन सर्पाला ठार मारतो. म्हणजे सापाला धरलं ते एका देवीने आणि एका माणसाने!

पुढे इनारा हुपाशियाला खडकावर बांधलेल्या घरात ठेवते आणि बाहेर जाताना बजावते, खिडकीतून पाहू नकोस, पाहिलंस तर बायकामुलं दिसतील. वीस दिवसांनी तो पाहतोच आणि घरी जाऊ दे म्हणून विनवू लागतो. इथे पाटी फुटलेली आहे. देवीने त्याला मारून टाकलं असं अनेक पुस्तकांत ठामपणे लिहिलेलं असतं, पण तो फुटक्या जागेवर बांधलेला तर्क आहे.

दुसरी कथा मला अधिक अस्वस्थ करते. सर्प वादळदेवाचं काळीज आणि डोळेच काढून घेतो. देव एका गरीब माणसाच्या मुलीशी लग्न करतो, त्यांना मुलगा होतो आणि तो मोठा होऊन सर्पाच्याच मुलीशी लग्न करतो. बापाच्या सांगण्यावरून तो सासरी काळीज मागतो, मग डोळे मागतो. दोन्ही मिळतात. धडधाकट झालेला देव समुद्रावर लढायला जातो. मुलगा तेव्हा सर्पाच्या बाजूला उभा असतो. तो बापाला ओरडून सांगतो, मलाही यांच्यातच धर, माझी गय करू नकोस. देव दोघांनाही मारतो.

मुलगा असं का म्हणाला? काही अभ्यासकांच्या मते तो घरजावई होता. हित्ती समाजात ही रीत होती. सासरचा झालेल्या माणसाने सासऱ्याचा विश्वासघात केला होता आणि ते त्याला पेलवलं नाही. मला हे पटतं. म्हणूनच या कथेवर ‘चांगलं विरुद्ध वाईट’ असा शिक्का मारायला मी तयार नाही. सर्पाने मागितलेलं दिलं होतं. देवाच्या विजयाची किंमत मात्र दोन्ही कथांत माणसांनी मोजली आहे.

आपल्याकडे आणखी एक समज आढळतो, की हित्ती इंद्राची पूजा करत आणि ही इंद्र-वृत्राचीच कथा आहे. हत्तुशात मिळालेल्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं आहेत, हे खरं. पण तो तह हित्ती राजा सुप्पिलुलिउमा आणि मितान्नी राज्याचा शत्तिवाझा यांच्यातला आहे आणि हे देव साक्षीला बोलावलेत ते मितान्नीच्या बाजूने. इलुयांकाच्या कथेतली इनारा आणि नेरिकची उपासना या गोष्टी तर हित्तींच्या आधीपासून अनातोलियात राहणाऱ्या हत्ती लोकांकडून आल्या आहेत. देवाने सर्पाला मारण्याचा धागा दोन्हीकडे आहे, एवढंच म्हणता येईल.

ग्रीक पुराणांतल्या टायफॉन या राक्षसाशी असलेलं साम्य त्याहून ठोस आहे. तिथेही टायफॉन झ्यूसचे स्नायू कापून लपवतो, ते चोरून परत आणावे लागतात आणि लपवण्याची गुहा आहे किलिकियात, म्हणजे अनातोलियाच्याच दक्षिण किनाऱ्यावर.