सहलीसाठी जुनी नौका घेताना

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. १९१९ साली याच दिवशी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. या कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद अग्रभागी होते. ‘लॉयल्टी’ नवे जहाज नव्हते. १८९१ पासून ते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने प्रवासी वाहतुकीत होते. पुढे ग्वाल्हेरच्या महाराज शिंदे यांनी ते घेतले, महायुद्धात त्याचे रुग्णालय-जहाज झाले, आणि मग ते कंपनीकडे आले. १९२३ मध्ये ते मोडीत निघाले. ध्येय तरुण होते, जहाज मात्र वयस्क होते. वापरलेली नौका घेताना हा भेद लहानमोठ्या प्रत्येक खरेदीदाराला ध्यानात ठेवावा लागतो.

कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगाव येथील व्यापारी कुटुंबांना मालवणचा किनारा जवळचा आहे. पेढी दोन दिवस मुलांच्या हाती सोपवून तारकर्ली-देवबागला जाता येते, कर्ली नदीच्या संथ पाण्यात फिरता येते. वरचेवर जाणाऱ्या कुटुंबाच्या मनात स्वतःची नौका असावी, हा विचार केव्हातरी येतोच. अशा वेळी पॉन्टून बोट प्रथम डोळ्यांत भरते. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन किंवा तीन लांब, बंद नळकांड्यांवर सपाट तळ, भोवती कठडा, वर छत आणि मागे आउटबोर्ड इंजिन, अशी तिची रचना असते. आजीला खुर्चीत बसता येते, लहान मुलांना मोकळेपणी वावरता येते. कल्पना कोकणाला परकी नाही. होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांनी लाकडी ओंडका बांधून तिला तोल देणारी उलांडी येथल्या मच्छीमारांना पूर्वापार माहीत आहे.

समजा, एका कुटुंबापुढे दोन जुन्या बोटी आहेत. पहिली सहा मीटर लांबीची, दोन नळकांड्यांची. ती आजवर धरणाच्या गोड्या पाण्यात चालली असून सोबत तिची चाकांची गाडी आहे. दुसरी आठ मीटर लांबीची, तीन नळकांड्यांची. तिची आसने ऐसपैस आहेत, इंजिन मोठे आहे, आणि ती अनेक वर्षे खाडीतच उभी आहे. दोघींची किंमत जवळजवळ सारखी. व्यापाऱ्याचा हिशेबी स्वभाव लगेच दुसरीकडे झुकतो, कारण तेवढ्याच पैशात माल अधिक मिळतो. शिवाय साऱ्या कुटुंबाला एकाच फेरीत बसता येते.

परंतु कापसाची गासडी वरून पाहून कोणी घेत नाही. नौकेचा दर्जाही पाण्याखाली असतो. म्हणून व्यवहाराआधी ती जमिनीवर काढून पाहण्याचा आग्रह धरावा. नळकांड्यांवर पोचे, डाग दिलेल्या जागा, जोडांवरील चिरा तपासाव्यात. तळाची बुचे काढल्यावर आतून पाणी वाहू लागले, तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला दुसऱ्या धातूचा स्पर्श सोसत नाही. पोलादी स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली, तर तेथे धातू झिजत आहे. ही झीज स्वतःवर घेण्यासाठी बोटीला अ‍ॅनोड नावाचे धातूचे तुकडे लावतात. गोड्या पाण्यात ते मॅग्नेशियमचे चालतात, खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे लागतात. पहिली बोट घेतली, तर हा बदल कर्लीत उतरवण्यापूर्वीच करावा लागेल. तळाचा गालिचा उचलून खालची प्लायवूड कुजली आहे का, तेही दाबून पाहावे. इंजिन किती तास चालले याची नोंद मागावी. खाऱ्या पाण्यातल्या प्रत्येक फेरीनंतर ते गोड्या पाण्याने आतून धुतले जात होते का, हे विचारावे.

यानंतर वजनाचा हिशेब. साठ सेंटिमीटर व्यासाच्या आणि सहा मीटर लांबीच्या दोन नळकांड्या पूर्ण बुडाल्या, तर सुमारे ३,४०० किलो पाणी बाजूला सारतात. त्या निम्म्याच बुडाव्यात असे धरले, तर एकूण भार १,७०० किलो होतो. बोट, इंजिन आणि इंधन यांचे वजन ८५० किलो असेल, तर माणसांसाठी ८५० किलो उरतात. पंचाहत्तर किलोचे एक माणूस धरले, तर अकरा माणसे झाली. डबे आणि पाण्याचे पिंप जमेस धरता दहाच. निर्मात्याच्या पट्टीवर याहून कमी आकडा असेल, तर तो प्रमाण मानावा. दुसऱ्या बोटीवर अठरा जण बसतील, आणि तिसऱ्या नळकांड्यामुळे ती अधिक स्थिरही राहील, हे मान्य केले पाहिजे. मात्र छायाचित्रासाठी सगळे एकदम पुढच्या कठड्याशी गेले, तर दोन्ही बोटी सारख्याच धोक्यात येतात.

श्रावकाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा मुद्दा याच्या पुढचा आहे. खाडीत कायम उभ्या असलेल्या बोटीच्या तळाला काही आठवड्यांतच शेवाळ आणि शंख-शिंपल्यांच्या जातीचे जीव चिकटतात. त्यामुळे वेग घटतो, इंधन वाढते, मग ते खरवडून काढावे लागतात. ते चिकटूच नयेत म्हणून जे रंग लावतात, त्यांतील बहुतेकांचे काम विषावर चालते, आणि तांबेयुक्त रंग तर अ‍ॅल्युमिनियमलाच खातो. म्हणजे मोठी बोट पाण्यात ठेवायची, तर दर हंगामात हिंसा ठरलेली. लहान बोट सहल संपताच गाडीवर ओढून, धुऊन, कोरडी ठेवता येते. तिच्यावर जीव वसतच नाहीत, म्हणून खरवडण्याचा प्रसंग येत नाही. अहिंसेचा विचार येथे पैशाच्या विचाराशी जुळतो, कारण जमिनीवर राहणारी बोट टिकतेही अधिक.

तिसरा प्रश्न बोट नेणार कोठे, हा आहे. देवबागला कर्ली समुद्राला मिळते. ओहोटीचे वेगवान पाणी आणि समोरून येणारा वारा यांची तेथे गाठ पडली, की वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहतात. पॉन्टूनचा पुढचा भाग सपाट आणि ठेंगणा असतो. लाट त्यावर चढली, की तळावर साचलेले पाणीच ओझे होते. ही बोट नदीची आहे, खुल्या समुद्राची नाही. तीन नळकांड्या असल्या, तरी हा नियम बदलत नाही. उलट मोठ्या बोटीमुळे समुद्रात जाण्याचा धीर वाढतो, हाच तिचा मोठा दोष ठरू शकतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचे प्राण गेले, हे विसरता येणार नाही. १६६४ साली कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली, त्या सिंधुदुर्गाला जायचे असेल, तर मालवणच्या जेटीवरून परवानाधारक नावेनेच जावे. किल्ल्याभोवतीचे पाण्याखालचे खडक तेथल्या नावाड्यांना पाठ आहेत.

कागदपत्रांविषयी भीड बाळगू नये. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ नुसार यांत्रिक नौकेला नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात नाव हस्तांतरित झाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. विमा, अग्निशामक, दोर, नांगर आणि प्रत्येकाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट हे खरेदीच्या किमतीतच धरावे. मुलांची जाकिटे वेगळी लागतात, आणि ती आसनाखाली ठेवण्यासाठी नसून अंगावर घालण्यासाठी असतात.

आपल्या परंपरेतील व्रते या बाबतीत उत्तम वाटाड्याचे काम करतात. दिग्व्रतात श्रावक जाण्या-येण्याच्या दिशांना सीमा घालतो. तशीच सीमा नौकेलाही घालता येते: वर अमुक पुलापर्यंत, खाली संगमाच्या बऱ्याच अलीकडे. नवकारशीनंतर निघून दुपारचा समुद्रवारा वाढण्याआधी परतले, की पाणी शांत मिळते आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचीही ओढाताण होत नाही. जूनच्या आरंभी कोकणात होड्या वर ओढून शाकारल्या जातात. बोट तेव्हा बाहेर काढावी, आणि चातुर्मास संपेपर्यंत तिने विश्रांती घ्यावी. अनर्थदंडाचा विचार केला, तर कांदळवनाजवळून भरधाव जाऊन किनारा ढासळवणे आणि कर्कश गाणी लावणेही वर्ज्य ठरते.

परिग्रह-परिमाणाचा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा. वर्षातून दोन-तीनदाच जाणे होत असेल, तर देवबागच्या नावाड्याची बोट भाड्याने घेणेच शहाणपणाचे आहे. त्यात त्याच्या घरी चार पैसे जातात, आणि भरती-ओहोटीचे त्याचे ज्ञान सोबत मिळते. खाडीकाठी घर असेल, देखभालीला जाणता माणूस असेल, तरच खरेदीचा विचार करावा.

तो केलाच, तर वरील दोघींपैकी पहिली, म्हणजे लहान बोट घ्यावी. अर्थात तिच्या नळकांड्या आणि कागद निर्दोष निघाले पाहिजेत. कुटुंब अठरा जणांचे असेल, तर दोन फेऱ्या कराव्यात. पहिली फेरी नदीत असताना उरलेल्यांनी काठावर माडांच्या सावलीत बसावे आणि मग पाळी बदलावी. त्यासाठी तासभर अधिक लागेल, पण तेवढ्याने सहलीचे काही बिघडत नाही.